अंगणात पोहोचलेली शाळा : ताराबाई मोडक

1945 हे वर्ष संपत आले असताना तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्या वेळी त्यांचे वय त्रेपन्न वर्षांचे होते. बालशिक्षणाच्या क्षेत्रात दोन दशकांहून अधिक काळ घालवलेल्या, मुंबईत दादरसारख्या ठिकाणी नावारूपाला आलेली संस्था उभी केलेल्या या विदुषीला खेड्यातली एक बालवाडी चालवणे अवघड जाईल, असे कोणालाही वाटले नसते. परंतु ज्या मुलांसाठी हा सारा खटाटोप होता, ती मुले बालवाडीत येतच नव्हती. दादरला पालक मुलाचे बोट धरून दाराशी उभे राहत. बोर्डीच्या गरीब वस्त्यांत बाई येताना दिसल्या की मुले घरामागे पळत. हा अनुभव पुष्कळांना आला होता आणि पालकांना शिक्षणाची गोडी नाही, असा निष्कर्ष काढून बहुतेक जण मोकळे झाले होते. ताराबाईंनी तो निष्कर्ष काढला नाही. मूल शाळेला घाबरत असेल तर दोष शाळेच्या वागण्यात शोधावा, या विचारापर्यंत त्या आल्या होत्या, आणि तेथवर पोहोचायला त्यांना अर्धे आयुष्य लागले होते.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते होते. आई उमाबाई यांचा हा पुनर्विवाह होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विधवेशी विवाह करणे म्हणजे नातेवाइकांशी आणि जातीशी असलेले व्यवहार तुटण्याची तयारी ठेवणे होते. केळकर दांपत्याने ती तयारी ठेवली. अशा घरात मुलींच्या शिक्षणाविषयी वाद होण्याचे कारणच नव्हते. मुलींनी चार इयत्ता शिकणेही जेथे विशेष मानले जाई, त्या काळात ताराबाई 1914 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या.

पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संसार मात्र टिकला नाही. 1921 मध्ये पतिपत्नी कायमचे विभक्त झाले. घटस्फोट हा शब्दही मध्यमवर्गीय मराठी घरात उच्चारला जात नसे, तेव्हा लहान मुलीला घेऊन स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा निर्णय ताराबाईंनी घेतला. मुलांच्या मनावर घरातल्या ताणाचा काय परिणाम होतो, हा विषय पुढे त्यांच्या कार्यात वारंवार येतो. तो विषय त्यांना पुस्तकांतून शोधावा लागला नव्हता.

त्याच वर्षी त्या राजकोटला आल्या. तेथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज ही शिक्षिका तयार करणारी संस्था होती आणि तिच्या पहिल्या भारतीय प्राचार्या होण्याचा मान ताराबाईंना मिळाला. पद मोठे होते, वेतन चांगले होते आणि एकट्या स्त्रीला समाजात लाभणारी प्रतिष्ठाही त्या पदाने दिली होती. तरीही दोन वर्षांतच त्यांनी ते सोडले. त्यामागचे कारण भावनगरला होते.

भावनगरमध्ये नानाभाई भट्ट यांनी 1910 मध्ये श्रीदक्षिणामूर्ती ही संस्था स्थापन केली होती. तिचा आरंभ विद्यार्थी वसतिगृहाने झाला. 1916 मध्ये गिजुभाई बधेका वकिली सोडून या संस्थेत आले. आपल्या मुलाला कसे वाढवावे, या काळजीतून ते मारिया मॉन्टेसरींच्या विचारांपर्यंत पोहोचले होते. 1920 मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. भरघोस मिशांच्या या माणसाभोवती मुलांचा घोळका असे आणि गुजरातने त्यांना मिशाळ आई असे प्रेमाचे नाव दिले. गुरू म्हणजे भीतीचे ठिकाण, छडी हे विद्येचे साधन आणि निमूट बसणे म्हणजे शिस्त, अशी सर्वत्र समजूत असलेल्या काळात एका पुरुष शिक्षकाला आईची उपमा मिळावी, यातच त्या बालमंदिराचे वेगळेपण होते.

1923 मध्ये ताराबाई भावनगरला दाखल झाल्या. प्राचार्यपद मागे ठेवून अडीच ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर जमिनीवर बसण्याचे काम त्यांनी पत्करले. बालमंदिरात मुलांना बक्षीसही नव्हते आणि शिक्षाही नव्हती. त्यामागचा विचार साधा होता. बक्षिसासाठी काम करणारे मूल कामापेक्षा बक्षिसाकडे पाहते, आणि शिक्षेला भिणारे मूल खोटे बोलायला शिकते. दोन्ही प्रकारांत शिक्षकाचे आणि मुलाचे नाते बिघडते. त्याऐवजी मुलाने स्वतः काम निवडावे, हवा तेवढा वेळ त्यात रमावे, चुकले तर साधनावरूनच चूक ओळखावी आणि शिक्षकाने दुरून लक्ष ठेवावे, मागितल्यावर मदत करावी, अशी रचना होती. मॉन्टेसरींच्या साधनांना गिजुभाईंनी गोष्टी, लोकगीते, नाटुकली, माती आणि बागकाम यांची जोड दिली. ताराबाईंनी या सर्व प्रयोगांना पद्धतशीर रूप देण्यात मोठा वाटा उचलला. मूल केव्हा रडले, कशाने शांत झाले, कोणत्या खेळाकडे वळले याच्या नोंदी ठेवणे, त्या नोंदींवरून शिक्षकांशी चर्चा करणे आणि त्यातून पुढची आखणी करणे ही त्यांच्या कामाची रीत झाली.

मराठी घरात वाढलेल्या ताराबाईंनी गुजराती भाषा आत्मसात केली, त्या भाषेत लेखन केले आणि शिक्षण पत्रिकेच्या संपादनात गिजुभाईंना साथ दिली. गुजरातमधील मराठी माणसांनी त्या प्रदेशाला जे दिले, त्यात या कामाची गणना व्हायला हवी. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. गुजराती आणि मराठी या दोन्ही भाषांत शिक्षण पत्रिका निघू लागली आणि बालशिक्षणाचा विचार प्राध्यापकांच्या खोलीतून पालकांच्या घरात जाऊ लागला. मूल हट्ट का करते, जेवताना त्रास का देते, त्याला मारल्याने नेमके काय बिघडते, असे प्रश्न मराठीत प्रथमच इतक्या सातत्याने आणि शास्त्रीय बैठकीवर मांडले जात होते.

पुढे ताराबाई मुंबईला परतल्या. 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. तेथे बालमंदिराबरोबर शिक्षिकांना घडवणारे अध्यापन मंदिरही चालू लागले. मध्यमवर्गीय पालकांनी या प्रयोगाचे मनापासून स्वागत केले. 1939 मध्ये गिजुभाईंचे निधन झाले. त्याच वर्षी मारिया मॉन्टेसरी भारतात आल्या आणि युद्धामुळे त्यांचा येथील मुक्काम वाढला. देशभरात मॉन्टेसरी हे नाव प्रतिष्ठेचे बनले. ताराबाईंसारख्या कार्यकर्तीने या लाटेवर समाधान मानले असते तर ते स्वाभाविक ठरले असते.

पण एक विसंगती त्यांना अस्वस्थ करीत होती. मॉन्टेसरींचे पहिले बालगृह 1907 मध्ये रोमच्या सान लोरेंझो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत उघडले होते. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांत भटकणाऱ्या पोरांसाठी ते होते. भारतात आल्यावर तीच पद्धत महागड्या लाकडी साधनांची आणि ऐपतदार घरांची झाली. ज्या मुलाला जपणुकीची गरज सर्वांत जास्त, ते मूल तिच्या कक्षेबाहेर राहिले. नेमक्या याच सुमारास महात्मा गांधी नई तालीमचा विस्तार पूर्वप्राथमिक वयापर्यंत करण्याचा विचार मांडत होते. बालशिक्षण खेड्यात न्यायचे असेल तर ते स्वस्त हवे आणि तेथील जगण्याशी जुळणारे हवे, हे उघड होते. ताराबाईंनी दादर सोडून बोर्डी गाठले ते या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी.

बोर्डी आणि तिच्या परिसरातील डोंगरपट्टी त्या वर्षी शांत नव्हती. उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांतील वारली 1945 मध्ये वेठबिगारीविरुद्ध उठले होते. गोदावरी परुळेकर आणि त्यांचे सहकारी त्यांना संघटित करीत होते. पिढ्यान् पिढ्या जमीनदारांच्या शेतावर फुकट राबलेल्या, मारहाण सोसलेल्या या समाजाला पांढरपेशा पोशाखातला माणूस दिसला की तो काहीतरी घ्यायला आला आहे, असेच वाटे. मुले पळत होती त्यामागे हा इतिहास होता. शाळेची घंटा, बंद खोली, अनोळखी बाई आणि न कळणारी पुस्तकी मराठी, यांतले काहीही त्या मुलाच्या ओळखीचे नव्हते. शिवाय पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे, आणि तिच्याहून थोड्या मोठ्या मुलामागे गुरे असत. घरचे हे काम सोडून शाळेत जाणे म्हणजे आईची त्या दिवसाची मजुरी बुडवणे होते.

हे ओळखल्यावर ताराबाईंनी शाळेची दिशा उलटी केली. मूल शाळेपर्यंत येत नाही, तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. त्यांनी बालवाडीचे दोन प्रकार कल्पिले. एक मध्यवर्ती बालवाडी, जी ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी भरेल. दुसरी अंगणवाडी, जी वस्तीतच, एखाद्या घरापुढच्या सारवलेल्या जागेत किंवा झाडाखाली भरेल. आज देशाच्या सर्व भाषांत रुळलेला अंगणवाडी हा शब्द या गरजेतून जन्मला.

अंगणात गेल्यावर लगेच अक्षरे शिकवायची नसत. शिक्षिकेने आधी वस्तीत दिसत राहायचे, आयांशी बोलायचे, मुलांची नावे लक्षात ठेवायची. मग एखादे गाणे, एखादा खेळ. एक-दोन धीट मुले जवळ येत, बाकीची दुरून पाहत. त्यानंतर पाणी तापवून मुलांना अंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे, खरूज आणि जखमा धुऊन औषध लावणे ही कामे येत. ती शिक्षिकेने स्वतःच्या हाताने करायची असत. स्पृश्यास्पृश्यतेचा पगडा घट्ट असलेल्या त्या काळात वरच्या जातीतील शिकलेल्या बाईने दलित आणि आदिवासी मुलाचे अंग चोळून धुणे, ही गोष्ट वस्तीला कोणत्याही भाषणापेक्षा अधिक समजली. आरोग्य हा त्यातला एक भाग होता. आपल्या शरीराला कोणी मायेने हात लावते, हा अनुभव मुलाला मिळणे हा दुसरा आणि तितकाच मोलाचा भाग होता. त्या अनुभवानंतर मूल शिक्षिकेची वाट पाहू लागे, आणि ते वाट पाहू लागले की शिक्षण सुरू झाले, असे या पद्धतीत मानले जाई.

या कामात ताराबाईंना जी साथ मिळाली तिच्यावाचून ते टिकले नसते. कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवली येथील शिबिरात त्यांना अनुताई वाघ भेटल्या. 1910 साली जन्मलेल्या अनुताई बालवयातच विधवा झाल्या होत्या, जिद्दीने शिकल्या होत्या आणि पुण्यात शिक्षिका म्हणून स्थिरावल्या होत्या. ती नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या. एकीने मोडलेला संसार मागे टाकला होता, दुसरीचा संसार सुरू होण्यापूर्वीच संपला होता. समाजाने ज्यांच्या मातृत्वाचा विचार थांबवला होता, अशा या दोघींनी शेकडो मुलांच्या संगोपनाची जबाबदारी घेतली. ताराबाई विचारांची आखणी करीत, कठोर चिकित्सा करीत; अनुताई वस्त्यांतून फिरून तो विचार रोजच्या व्यवहारात उतरवीत. गुरुशिष्येचे हे नाते ताराबाईंच्या अखेरपर्यंत टिकले.

साधनांचा प्रश्न त्यांनी परिसरातच सोडवला. मॉन्टेसरी साधनांतून लहानमोठे, हलके-जड, खरखरीत-गुळगुळीत यांची जाण द्यायची असते. ती देण्यासाठी किनाऱ्यावर शंखशिंपले होते, झाडाखाली चिंचोके आणि बिया होत्या, रानात बांबू, पाने, गवत होते आणि सर्वत्र माती होती. याने खर्च तर वाचलाच, पण आणखी एक गोष्ट साधली. परक्या वस्तूंनी भरलेल्या खोलीत आदिवासी मूल अडाणी ठरते; स्वतःच्या रानातल्या वस्तू हाती आल्या की तेच मूल जाणते ठरते. कोणत्या झाडाची बी, कोणत्या पक्ष्याचे पीस, हे ते शिक्षिकेला सांगू लागते. मुलाचा आत्मविश्वास वाढवण्याचा याहून स्वाभाविक मार्ग नव्हता. भाषेबाबतही हेच धोरण होते. मुलाच्या बोलीला हसायचे नाही. शिक्षिकेने ती आधी शिकायची आणि तिच्यातूनच हळूहळू पुस्तकाच्या भाषेकडे जायचे.

1957 च्या सुमारास हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती वारल्यांचे पाडे होते. येथे विकासवाडीची कल्पना पूर्ण झाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवण्यात आली. त्यामुळे धाकट्या भावाला कडेवर घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवावे लागत नसे. भाऊ पाळणाघरात राही, ती वर्गात बसे आणि मधून त्याला पाहून येई. भावंडाची जबाबदारी हा शाळेच्या मार्गातला अडथळा न मानता, त्या जबाबदारीसकट मुलीला स्वीकारणे हे या रचनेचे मर्म होते. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शिक्षक कुरणात जात, गुरे चरत असताना मुले सावलीत बसून शिकत. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग होते. वेळापत्रक मुलाच्या दिवसावर बेतलेले होते.

या कामाला मर्यादा होत्या आणि त्या ताराबाईंना ठाऊक होत्या. भातलावणी आणि गवतकापणीच्या दिवसांत वर्ग ओस पडत. कामाच्या शोधात कुटुंब गेले की महिनोन् महिने जोडलेले मूल एका रात्रीत नजरेआड होई. अशा शिक्षणाचे फळ परीक्षेच्या गुणांत दाखवता येत नसे, त्यामुळे निधी मिळवणे सतत कष्टाचे होते. सर्वांत मोठी अडचण शिक्षिकांची होती. साधने गावात मिळत. मुलाच्या नाकाला पदर लावणारी, त्याच्या रागामागचे कारण शोधणारी आणि तरीही त्याच्यावर मालकी न गाजवणारी व्यक्ती प्रशिक्षणानेच तयार होते. म्हणूनच ताराबाईंनी राजकोटपासून कोसबाडपर्यंत प्रत्येक ठिकाणी अध्यापिकांच्या घडणीला बालवाडीइतकेच महत्त्व दिले. वाकून, रागावून, धमकावून काम लवकर उरकते, हे त्या जाणत होत्या. ज्या घरांत मुलांना आधीच पुष्कळ मार मिळतो, तेथे शाळेने त्यात भर घातली तर त्या मुलाला जगात विश्वास ठेवण्याजोगी एकही जागा उरत नाही, ही त्यांची चिंता होती.

1962 मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी कोसबाडचे काम त्यानंतरही जवळजवळ दोन दशके, 1992 मधील स्वतःच्या मृत्यूपर्यंत सांभाळले आणि कोसबाडच्या टेकडीवरून या आत्मचरित्रात त्या वर्षांची हकिगत लिहून ठेवली.

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 गटांमध्ये सुरू केली. सहा वर्षांखालील मुलांना पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि पूर्वप्राथमिक शिक्षण देणारे तिचे केंद्र अंगणवाडी या नावानेच ओळखले जाऊ लागले. बोर्डीच्या वस्तीतला शब्द देशाच्या कानाकोपऱ्यात गेला. शब्दाबरोबर त्यामागची रीत किती गेली, हा प्रश्न मात्र प्रत्येक अंगणवाडीत वेगळा विचारावा लागतो. आहाराचे वाटप आणि वजनाच्या नोंदी आवश्यकच आहेत. परंतु मुलाला आपलेसे करण्यासाठी सेविकेला वेळ, मान आणि योग्य मोबदला मिळाला नाही, तर नोंदवही भरते आणि मूल कोपऱ्यात बसून राहते.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांपासूनच्या शिक्षणाला पायाभूत टप्प्यात स्थान दिले. ज्या विचारासाठी ताराबाईंनी प्राचार्यपद सोडले, तो आता कायद्यात आणि धोरणात आला आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना त्यांच्या अनुभवातील एक बाजू विशेष जवळची वाटेल. घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, अशा स्थितीत तीन-चार वर्षांचे मूल पहिल्या दिवशी वर्गात पाऊल टाकते, तेव्हा त्याच्या गप्प बसण्याला मंदपणा समजण्याची चूक आजही सहज होते. कोसबाडच्या शिक्षिकेने तेथे आधी मुलाचे चार शब्द शिकून घेतले असते, त्याच्या शेजारी जमिनीवर बसली असती आणि ते आपणहून बोलेपर्यंत थांबली असती.